मदत हवी आहे: सूफी अवलियांची चरित्रं मुळातून वाचण्यासाठी

नमस्कार मंडळी. फारसी कवी फरीदुद्दीन अत्तारच्या 'तज़किरतुल औलिया' या सूफी चरित्रसंग्रहात राबिया या सूफी संत स्त्रीच्या जन्माची गोष्ट आहे. घरात दिव्याला तेल नाही, बाळाला गुंडाळायला फडकं नाही. अल्लाशिवाय कुणाकडे काही मागायचं नाही, अशी बापाची शपथ. बायकोने फारच विनवलं म्हणून तो जातो, शेजाऱ्याच्या दाराला नुसता हात लावतो आणि परत येतो. महिपतींच्या संतकथा ऐकत वाढलेल्या मला ही गोष्ट परकी वाटलीच नाही.

त्यासाठी आठ महिने फारसी शिकतोय. अत्तारचं गद्य हळूहळू उमगतं. अडलंय ते पुढे. फारसी कवी जामीच्या 'नफहातुल उन्स' या अवलियांच्या चरित्रसंग्रहावरून कवी नवाईने १४९०च्या दशकात चगताई तुर्कीत (मध्य आशियातली जुनी साहित्यभाषा, आजच्या उझबेकची पूर्वज) 'नसाइमुल महब्बत' लिहिलं आणि अहमद यसवीसारखे तुर्की अवलिये त्यात नव्याने आणले. मला नेमकी ही भर अभ्यासायची आहे. फारसी शब्द ओळखू येतात, पण क्रियापदांना लागणाऱ्या प्रत्ययांच्या माळेत पार हरवतो.

चगताईसाठी आधी आजची उझबेक शिकावी की तुर्की? पुण्या-मुंबईत कुणी शिकवतं का? ऑनलाइनही चालेल. नवाईची टिपांसह छापलेली प्रत कुणाकडे असेल तर कृपया कळवा, मी येऊन बघेन.