प्रासंगिक की प्रस्तुत?

नेरुळची: रोलिंग स्टोन्सवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. १९६२चा हा बँड. २००५नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी थेट २०२३मध्ये काढला, 'हॅकनी डायमंड्स'. (२०१६चा होता, पण त्यात दुसऱ्यांची जुनी ब्लूज गाणी.) लेखक म्हणतो, हे 'रेलेव्हंट' राहण्यासाठी. मी लिहिलं, 'प्रासंगिक राहण्यासाठी'. आईने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे प्रसंगापुरतं वाजवतात का गं? लग्नाबिग्नात?" तिथे अडकलेय.

घंटाळीकर: आई बरोबर आहेत. एसटीचा 'प्रासंगिक करार' आठवा, वऱ्हाडासाठी गाडी घेतो तो. तुमचा अर्थ हिंदीतला. 'अप्रस्तुत' आपण सर्रास म्हणतो, मग 'प्रस्तुत' घ्या.

ऐरोलीकर: काका, 'बँड प्रस्तुत राहिला' म्हटलं की कुणीतरी तो सादर करतंय असं वाटतं. शिवाय प्रसंग सञ्ज् धातूवरून आला, म्हणजे चिकटणं. काळाला चिकटून आहे तो प्रासंगिक. आणि पेपरात रोज छापून येतो.

घंटाळीकर: धातूवर जायचं तर 'शिक्षा' म्हणजे शिकवणं. मुलाला शिक्षा केली, म्हणजे शिकवलं म्हणाल?

कळवा_बेंजो: मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. आम्ही 'चलती' म्हणतो. गणपतीआधी नवी गाणी बसवली नाहीत तर चलती जाते, मंडळ दुसऱ्या पार्टीला सुपारी देतं. पण मिरवणुकीत लोक मागतात जुनीच. आमचे म्होरके साठीचे, तरी दर आषाढात नवं काहीतरी घेऊन बसतात. म्हणतात, नवं बसवलं नाही की बोटं जड होतात. तुमच्या लेखकाने ही बाजू विचारली का?

नेरुळची: नाही विचारली, दादा. 'चलतीत राहण्यासाठी' कानाला गोड लागतं, पण चलती जुन्या गाण्यांवरही टिकते. २०१९ला यू-टू या बँडने इथे डी. वाय. पाटीलला १९८७चा 'द जोशुआ ट्री' अल्बम अख्खा वाजवला, स्टेडियम भरलं होतं. मला हवाय तो शब्द गर्दीचा नाही.

ऐरोलीकर: कालसुसंगत?

घंटाळीकर: परिपत्रकातला शब्द. गाण्याजवळ नको.

वाशी_सतरा: मधेच विचारते. गाणं 'बसवणं' आणि 'चाल लावणं' एकच ना? आमच्या भजनी मंडळात दोन्ही म्हणतात.

घंटाळीकर: एकच.

कळवा_बेंजो: नाही हो काका. चाल एकजण लावतो. बसवते सगळी पार्टी.