बेसूर, कणसूर की चढलेली? रेकॉर्ड फास्ट वाजली तर काय म्हणायचं

सुई_आणि_तबकडी:
जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी एलपी लावली होती तर सोबतचा म्हणाला ही बेसूर आहे. मला तो शब्द अजिबात पटला नाही पण मग बरोबर कुठला तेही सांगता येईना, म्हणून विचारतोय. भानगड अशी की २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही ट्यून्स रेकॉर्ड झाल्या तेव्हा मेन टेप मशीन किंचित हळू चालत होतं, आणि हळू चाललेली टेप नंतर नेहमीच्या स्पीडला वाजवली की सगळं फास्ट होतं आणि वरही चढतं, इथे साधारण पाव स्वर. बॅकअपचं मशीन बरोबर चालत होतं, त्याच्या टेपवरून १९९२ ला दुरुस्त सीडी निघाली. तोवर जगाने चढलेलंच ऐकलं आणि त्यावरच जीव टाकला. आता यात बेसूर कोण?

तिसरी_काळी:
कोणीच नाही. बेसूर व्हायला कुणाशी तरी फारकत लागते, इथे पियानो बेस ट्रम्पेट सॅक्सोफोन सगळे मिळूनच वर सरकलेत, आपापसात चोख आहेत. याला सरळ 'पट्टी चढली' म्हणायचं. कणसूर हे अजून वेगळं, गाणारा गंधार लावायला गेला आणि गंधारच लागला पण कणभर खाली किंवा वर, ते. ऐकणाऱ्याला स्वर कळतो पण अंगावर बारीक काटा येतो. बेसूर म्हणजे स्वराचा पत्ताच नाही. लोक तिन्हीला सरसकट बेसूर म्हणतात, लग्नातल्या ऑर्केस्ट्रापासून ते एलपीपर्यंत.

खुंटी_पिळा:
'पट्टी चढली' ठीक आहे पण एक शंका. पट्टी म्हणजे मुळात पेटीचीच पट्टी ना, काळी एक, पांढरी दोन वगैरे. त्यातली पहिली ट्यून 'सो व्हॉट' मुळात डी धरून आहे, म्हणजे पांढरी दोन, आणि मधे आठ बारसाठी (बार म्हणजे तालाचं छोटं माप) अर्धा स्वर वर काळी दोनवर जाऊन परत येतं. जुन्या एलपीत ती ना पांढरी दोन ना काळी दोन, बरोब्बर दोन्हीच्या फटीत. गिटार घेऊन सोबत वाजवायला बसा, कुठेच जुळत नाही, शेवटी सगळ्या तारा थोड्या चढवाव्या लागतात. मग पट्टी चढून बसली कुठे?

तिसरी_काळी:
अहो तंबोरा लावताना आपण रोज म्हणतोच की, 'पांढरी दोन, जरा चढी'. गळ्याला फटीत बरं वाटत असेल तर फटीत लावायचा, तंबोऱ्याची खुंटी काही पेटीला विचारून थांबत नाही. पंचाईत फक्त पेटीवाल्याची, तो बिचारा फार तर दुसरी पेटी आणेल.

मंद्रातला:
७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी ऐकणाऱ्यांना हा वाद जुना आहे. नावाला ७८, प्रत्यक्षात सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण ७० पासून ८० च्याही पुढे कुठल्याही फेऱ्यांवर व्हायचं. ८० ला कोरलेली रेकॉर्ड ७८ ला वाजवली तर जवळजवळ पाव स्वर उतरते आणि साधारण ६ टक्के फरक पडला की पुरा अर्धा स्वर जातो. बीथोवनची पाचवी सिंफनी असेल तर निदान माहीत असतं की ती सी मायनरमध्ये आहे, त्यावरून स्पीड लावता येतो (तरी तेव्हा ऑर्केस्ट्राचा ए, म्हणजे सगळे ज्याला वाद्यं मिळवतात तो स्वर, नक्की कितीला होता हा घोळ राहतोच, सेकंदाला ४४० कंपनांवर आंतरराष्ट्रीय एकमत १९३९ च्या लंडन परिषदेत झालं). आपल्या ख्यालाला ती सोय नाही, सा कुठेही असू शकतो! म्हणून जुन्या गवयांच्या रेकॉर्डींवरून 'काय उंच पट्टीत गायचे' असं कोणी छातीठोक सांगायला लागलं की मी आधी विचारतो, कितीवर वाजवली? आवाज चिरका येतोय, ताना यंत्रासारख्या पळतायत, तर बहुतेक फास्टच वाजतेय.

सुई_आणि_तबकडी:
हे भारी. मग बाखचं संगीत ए ४१५ ला लावून वाजवतात ते? तेही उतरलेलंच म्हणायचं का, कारण ४४० पेक्षा जवळपास अर्धा स्वर खाली येतं.

मंद्रातला:
'उतरलेलं' नको, त्यात बिघाडाचा वास येतो. तंबोरा उतरला म्हणजे परत मिळवायला हवा. ते लोक मुद्दाम खाली लावतात, म्हणून 'खालच्या पट्टीत' किंवा जुना शब्द हवा तर 'ढाल्या सुरात'. नाटकवाल्यांकडे हा शब्द अजून ऐकू येतो, टिपेच्या (उंच सुराच्या) उलट.

गंधारप्रेमी:
कणसूरबद्दल थोडं. तंबोरा नीट मिळाला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). म्हणजे काटेकोर बोलायचं तर जगातला प्रत्येक नीट ट्यून केलेला पियानो कणसूर आहे, आणि पेटीचंही तेच, आकाशवाणीने १९४० ला तिला बाहेर काढलं ते १९७१ पर्यंत, त्या वादात हाही मुद्दा होता. पण ब्लूजवाला कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे जी ब्लू नोट लावतो तिला कृपया कणसूर म्हणू नका, ती चुकलेली नाही, तिथेच लावायची असते. पियानोवर ती जागाच नाही म्हणून पियानिस्ट दोन्ही पट्ट्या एकदम दाबून किंवा एकीवरून दुसरीवर घसरून काम भागवतात.

खुंटी_पिळा:
आणि डीजे लोकांच्या टर्नटेबलवर जो 'पिच' लिहिलेला दांडा असतो तो हलवला की बदलतो स्पीड, पिच (स्वराची उंची) आपोआप मागून येतं. टेक्निक्स कंपनीच्या १२०० या टर्नटेबलवर ८ टक्के वर, ८ टक्के खाली. म्हणजे 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी एलपी त्यावर लावून दांडा उणे बाजूला ३ टक्क्यांच्या जरा अलीकडे न्या, पहिली बाजू मूळ पट्टीत येऊन बसेल, 'सो व्हॉट' पांढरी दोनवर. दुसरी बाजू लावायच्या आधी दांडा शून्यावर आणा, ती एप्रिलमधली, तिला काही झालेलं नाही.