हायवे टच म्हणजे नेमकं काय टच?

मोजणीदार
परवा इथे एकाने जाहिरात टाकली: "माणगावजवळ मुंबई-गोवा हायवे टच ११ गुंठे, फ्रंट २० मीटर. हॉटेल, शोरूम, पेट्रोल पंप, काहीही करा. बायपास झाला की दुप्पट." खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, "दर?" नकाशा एकानेही मागितला नाही, म्हणून ही लांबण.

११ गुंठे आणि फ्रंट २० मीटर, म्हणजे खोली साधारण ५५ मीटर. महामार्गाची हद्द, म्हणजे सरकारच्या ताब्यातली पट्टी, ६० मीटर रुंद धरली तर रस्त्याच्या मध्यापासून तुमचा बांध ३० वर येतो. बिल्डिंग लाइन मध्यापासून ४० वर. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये भिंत घालायची नाही, २०० चौ. मी. गेले, जवळपास २ गुंठे. कंट्रोल लाइन ७५ वर, त्यामुळे ४० ते ७५ मध्ये बांधायचं तर महामार्गवाल्यांची संमती. विनाकटकट उरले मागचे १० मीटर. हद्द ४५ मीटर निघाली तर पुढचे साडेसतरा जातात आणि मागे अडीच उरतात. अडीच मीटरमध्ये कोंबड्यांचं खुराडं होईल.

पंपाचं तर बोलूच नका. त्याला गावाबाहेर सपाटीवर ३५ मीटर फ्रंट लागतो.

निजामपूर_रोड
झालं, आले पुस्तकवाले. पुढची जागा "गेली" म्हणे! गेली कुठे? हॉटेलला गाड्या लावायला लागतेच की. २० मीटरच्या रुंदीत एका रांगेत सात-आठ गाड्या राहतात. ज्याला रस्त्यावर शटर उघडायचंय त्याने बाजारपेठेत गाळा घ्यावा. आणि ही अंतरं गावाबाहेरची आहेत, नगरपंचायतीच्या हद्दीत वेगळी असतात. अर्धी माहिती देऊन लोकांना घाबरवू नका.

मोजणीदार
जाहिरातीत "माणगावजवळ" आहे, "माणगावात" नाही. एका "जवळ"मध्ये सगळा कायदा बदलतो. नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर झोन दाखला टाका, म्हणजे जागा कशासाठी वापरता येते त्याचा कागद, विषय संपला. बाहेर असेल आणि सातबारावर अजून शेतीच असेल, तर ११ गुंठ्यांचा दस्त कसा करणार? जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, २० गुंठे आहे. शिवाय घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

निजामपूर_रोड
प्रादेशिक योजनेत कमर्शियल झोन असेल तर ६३ ची परवानगी लागत नाही, हेही सांगा की.

मोजणीदार
झोन असेल तर. हे मान्य. दाखला कुठाय?

तांबडा_रस्सा
तुमचं चालू द्या. मुद्द्याचं कोणी विचारलंच नाही: जागा कुठल्या हाताला आहे? दुभाजक असलेल्या रस्त्यावर धंदा दोन बाजूंचा नसतो. पूर्वेची बाजू कोकणात जाणाऱ्यांची. मुंबईहून पहाटे निघालेला इथे नाश्त्याच्या वेळेला पोचतो, त्याला वडा, मिसळ, चहा आणि धुतलेलं टॉयलेट हवं. वीस मिनिटांत उठतो. पश्चिमेची बाजू परतणाऱ्यांची. ते निवांत जेवतात आणि जाताना कोकम, काजू, आमसुलं घेतात. आंब्याची पेटी कोणी कोकणात घेऊन जात नाही. चुकीच्या हाताला आंब्याचं दुकान टाकलं तर मे महिन्यातसुद्धा माश्या मारायच्या.

निजामपूर_रोड
समोर दुभाजकात कट मिळवता येतो.

तांबडा_रस्सा
कोण देतं? एका हॉटेलसाठी दुभाजक तोडत नाहीत. लोक फोडतात, मग तिथेच बाइकवाले मरतात. जागेत शिरायच्या रस्त्यालाही परवानगी लागते. मंजूर नकाशा, शुल्क, करारनामा. त्यातून सर्व्हिस रोड पुढे झाला तर "टच" सर्व्हिस रोडला होतो.

घाटवाट
हात-बीत मुंबईकरांसाठी. पुण्याची गर्दी ताम्हिणीतून निजामपूरमार्गे माणगावात येते आणि दिवेआगर-श्रीवर्धनला मोर्बा रस्त्याने वळते. हायवेला ती गावातच काय ती शिवते. गावाच्या उत्तरेला चार किलोमीटरवर हॉटेल टाकलंत तर पुणेकराला ते दिसणारही नाही.

तांबडा_रस्सा
पुणेकर डबा घेऊन येतो. त्याच्या हिशोबाने जागा घ्यायची नसते.

घाटवाट
असले टोमणे मारायचे तर बोलायलाच नको. ताम्हिणीच्या रस्त्यावर शनिवारी सकाळी उभे राहून मोजा.

चिखलणी
भांडून झालं असेल तर जमिनीची पातळी बघा. हायवेलगतची भातखाचरं रस्त्याच्या दोन मीटर खाली असतात. ११०० चौ. मी. वर दोन मीटर भराव म्हणजे २२०० घनमीटर, म्हणजे ७७७ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). रोलर फिरला की मुरूम बसतो, पाव हिस्सा वाढवा: साधारण ९७० ब्रास. पाच ब्रासचा हायवा डंपर धरला तर १९० च्या वर खेपा. प्रत्येक खेपेला रॉयल्टीची पावती, नाहीतर तहसीलचा दंड. आणि भराव एका पावसात सोडायचाच. पहिल्या वर्षी कोबा केलात की दसऱ्यापर्यंत भेगा.

त्याहून मोठी भानगड मोरीची. रस्त्याखालची मोरी तुमच्या शेतात तोंड उघडत असेल तर ती बुजवता येत नाही, पाण्याला वाट ठेवावीच लागते. ब्रोकर मार्चमध्ये जागा दाखवतात, तेव्हा मोरीच्या तोंडावर गवत असतं. जुलैत जाऊन बघा.

निजामपूर_रोड
भरावाचं बरोबर आहे, दर त्यामुळेच कमी आहे. आता एकदाच सांगतो, जाहिरातवाला ओळखीचा आहे. जागा जुन्या रस्त्याला आहे, बायपासला नाही.

मोजणीदार
वा! मग "बायपास झाला की दुप्पट" कशाच्या जिवावर? बायपास रखडलाय म्हणून गावात गाड्या तुंबतात आणि तुंबलेल्या गाड्यांतून लोक खायला उतरतात. सुटला की ते थेट पुढे.

चिखलणी
हॉटेलसाठी हो. पण सिमेंट, टाइल्स, हार्डवेअरला जुनाच रस्ता बरा. गावातला गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येतो, त्याला ताशी ८० ने धावणाऱ्या गाड्या नकोच असतात.

मोजणीदार
हे पटलं. मग जाहिरातीत "हार्डवेअरसाठी, जुन्या रस्त्याला, खड्ड्यात" असं लिहायला काय झालं होतं?

निजामपूर_रोड
कोण फोन करेल? गट नंबर व्यक्तिगत निरोपात मिळेल.

मोजणीदार
इथेच टाका. सातबारा ऑनलाइन फुकट दिसतो, इतर हक्कात कूळ किंवा बोजा आहे का ते दोन मिनिटांत कळेल. मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, तोही मागा, पोटहिस्सा पडलाय का ते बघू. नाहीतर पाण्यात म्हैस, वर मोल.

निजामपूर_रोड
नऊ जणांची नावं आहेत, आठ जणांच्या सह्या झाल्यात.

चिखलणी
नववी बहीण ना?

निजामपूर_रोड
हो.