मदत हवी आहे : आई-वडिलांनंतर भावाचा सांभाळ

माझ्या थोरल्या भावाला ऐन विशीत स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार झाला. आता तो पन्नाशीकडे झुकला असून आई-वडील सत्तरीपलीकडचे आहेत. त्यावरचे क्लोझापिन हे औषध सुरू असल्याने पांढऱ्या पेशींची रक्ततपासणी नियमित करावी लागते, म्हणून आई कॅलेंडरवर तारखांना गोल करून ठेवते, आणि तो गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. लग्नकार्यालाही दोघांपैकी एकालाच जाता येते. भावाची चौकशी सगळे करतात; आईला झोप लागते का, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि मला तिचीच अधिक काळजी वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने भावाचे प्रमाणपत्र काढले आहे. परंतु १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात हा आजार येत नसल्याने त्याखालील कायदेशीर पालकत्व मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार भाऊ मला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, पण तो अधिकार उपचारांपुरता आहे. मग बँकेचे व्यवहार, राहते घर आणि वडिलांमागे मिळू शकणारे कुटुंब निवृत्तिवेतन यांची तजवीज अशाच परिस्थितीतून गेलेल्या आपल्यापैकी कोणी कशी केली? मृत्युपत्र पुरेसे ठरते, की विश्वस्त निधी करावा लागतो?

पुण्यात अशा कुटुंबांचे स्वमदत गट आहेत, पण आम्ही लातूरला असतो. आईला थोडी विश्रांती मिळावी म्हणून भावाला काही दिवस सन्मानाने ठेवून घेणारी, आपण स्वतः पाहिलेली जागा मराठवाड्यात असल्यास कृपया कळवावे.