मदत हवी आहे: स्कायडायव्हिंगसाठी डॉक्टरचं पत्र मिळेना (तातडीचं)

गोदाकाठ
स्कायडायव्हिंगचं बुकिंग झालंय. टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारायची उडी. पैसे भरलेत, परत मिळत नाहीत. आता फॉर्म आलाय, त्यात डॉक्टरच्या सहीचं पत्र मागायलेत. इथले डॉक्टर सरळ नाही म्हणायलेत, एकानं तर हसून पुढचा पेशंट आत बोलावला. पुढच्या आठवड्यात विमान आहे. असं पत्र कुणी काढलंय का, कुठून? परभणी, नांदेड, संभाजीनगर, कुठंही जाईन. "कशाला जीव धोक्यात घालता" वाल्यांनी कृपया लांब राहावं.

उनाडपप्पू
कुठला देश, कुठली जागा, आजार काय, गोळ्या कुठल्या? काहीच सांगायचं नाही अन् मदत हवी.

वारा_पाऊस
वजन आधी सांगा. मी पट्टायाकडं उडी मारलीय. पत्रापेक्षा लोक काट्यावर अडकतात. बऱ्याच ठिकाणी मर्यादा ९०-१०० किलोच्या आसपास असते, बायकांना कमी. घरी चपाती बंद करून काट्यावर उभं राहा, तिथं कपड्यांसकट मोजतात.

गोदाकाठ
दुबई. ते पामच्या झाडासारखं बेट वरून दिसतं, तिथलं. वजन ६४. आजार काही नाही, बीपीची गोळी चालू आहे, ती काय आता सगळ्यांनाच असते. प्रश्न पत्राचा आहे.

खवचट_काका
एवढ्या पैशात सगळं घर तारकर्लीला जाऊन येईल. पॅरासेलिंग करा, मालवणी जेवण करा, डॉक्टर लागत नाही.

वारा_पाऊस
काका, पॅरासेलिंगला बोट दोरीनं ओढते. इथं १३,००० फुटांवर विमानाचं दार उघडतं. मिनिटभर ताशी १९० किमीच्या आसपास खाली यायचं, मग पॅराशूट. दोन्हीचा संबंध फक्त खाली पाणी असण्याचा.

रानवाट
आपल्या देशात होतंय की. हरयाणात नारनौलला टँडम होतं, व्हिसाची भानगड नाही.

वारा_पाऊस
नारनौलला वरून समुद्र दिसतो का?

रानवाट
परभणीतून तरी कुठं दिसतो? उडी ती उडीच.

नाडीपरीक्षा
मी फिजिशियन आहे, लातूर. वय सांगा. बीपी गोळीवर किती राहतं? दुसरं काही?

गोदाकाठ
माझं ४१. पण उडी मला नाही, आईला मारायचीय. आई ६३. ताई दुबईत असते, तिनं बुकिंग केलंय. बीपी १३०/८० असतं. उजवा गुडघा बदललाय, पण ती आता देवीचा डोंगर चढते.

उनाडपप्पू
हे आधी सांगायचं होतं ना राव!! आम्ही तुमचं वजन विचारत बसलो.

गोदाकाठ
वजन आईचंच सांगितलंय. पत्राचं बोला.

पाटलीणबाई
त्रेसष्टला काय धाड भरलीय? अमेरिकेचे थोरले बुश २०१४ साली नव्वदाव्या वाढदिवशी टँडम उडी मारून मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टला उतरले होते. तेव्हा ते व्हीलचेअर वापरत होते. आईंना जाऊ द्या.

खवचट_काका
बुशच्या मागं पुढं डॉक्टरांची फौज असते. परभणीत आहे का?

नाडीपरीक्षा
डॉक्टर का नाही म्हणतात ते समजून घ्या. तुम्ही "स्कायडायव्हिंगसाठी फिट" असं लिहून मागता. ते मीही देणार नाही. उद्या काही झालं तर ते वाक्य माझ्या गळ्यात. त्याऐवजी आई ज्यांच्याकडं नेहमी दाखवतात त्यांच्याकडं जा. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. आणि एवढंच मागा: आज तपासणीत बीपी इतकं, हृदयाचा रिपोर्ट असा, औषधं ही, गुडघ्याचं ऑपरेशन या वर्षी झालं. निर्णय कंपनीचा. असं लिहायला सहसा कुणी अडत नाही. पण आधी कंपनीला मेल करून विचारा, असं पत्र चालतं का. त्यांचा ठराविक नमुना असेल तर तोच भरावा लागेल.

खोट्या सहीचा विचार मनात असेल तर सोडा. दार उघडताना नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. १३,००० फुटांवर ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच, लेहपेक्षाही उंच. वर फार वेळ नसता म्हणून बहुतेकांना जड जात नाही, पण हृदयाच्या झडपेचा किंवा रक्तवाहिनीचा त्रास असेल तर तो इकोतच कळलेला बरा. सर्दी असेल तर त्या दिवशी नको, उतरताना कान फुटल्यागत दुखतात.

वारा_पाऊस
गुडघ्याची परीक्षा घरीच घ्या. खुर्चीवर बसवून दोन्ही पाय समोर आडवे उचलायला सांगा, आणि तसेच धरून ठेवायला. टँडमला उतरताना पाय वरच ठेवायचे असतात, बऱ्याचदा बुडावर घसरत थांबतात. पाय खाली राहिले तर नवा गुडघा जमिनीत रुतला समजा. मला तर इथंच शंका वाटते.

गोदाकाठ
आत्ता बघितलं. उचलते, धरते. वर मलाच म्हणायली तू उचलून दाखव.

आणखी एक, ती नऊवारी म्हणायली. स्कायडायव्हर शीतल महाजननं केलंय म्हणते.

पाटलीणबाई
केलंयच! २०१८ ला थायलंडमध्ये, नऊवारीत.

वारा_पाऊस
त्या स्वतः शिकलेल्या, शेकड्यांनी उड्या मारलेल्या. टँडममध्ये पाठीमागचा प्रशिक्षक दोघांसाठी हँडल ओढतो. सुटा पदर त्याच्या हातात किंवा छोट्या ड्रोग पॅराशूटमध्ये अडकला तर काय करायचं? पँट घालायची, बूट लेसचे.

रानवाट
मुंबईपर्यंत देवगिरी आहे का तपोवन? देवगिरीनं रात्र झोपेत जाते.

उनाडपप्पू
विषय काय, बोलता काय.

वारा_पाऊस
आणि सकाळची वेळ मागा. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा वाढतो, मग उड्या थांबतात. ढग आले तरी थांबतात. परतीच्या आदल्या दिवशीचं बुकिंग असेल तर बदला, उडीनंतर एक-दोन दिवस मोकळे ठेवा. साध्या प्रवास विम्यात हे बहुधा येत नाही, साहसी खेळाचं कलम वेगळं घ्यावं लागतं.

गोदाकाठ
इको झाला, ठीक आहे. नेहमीच्याच डॉक्टरनं नाडीपरीक्षा यांनी सांगितलं तसं लिहून दिलं, पाच मिनिटात. ताईनं कंपनीला पाठवलंय, उत्तर यायचंय. साडीचं मानली. आता म्हणायली हातातल्या बांगड्या काढणार नाही. चालतात का?

वारा_पाऊस
काचेच्या नाहीच. सोन्याच्या पाटल्या निघत नसतील तर तिथं आधी दाखवा, ते हातावर पट्टी गुंडाळून देतात का बघतील. मंगळसूत्र ताईकडं ठेवा.