सायफाय कुणाला वाचायला दिलंत? वाचलं का त्यांनी?

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. भाची अकरावीत, म्हणाली मामा सायफाय, म्हणजे विज्ञानकथा, वाचायच्यात, कुठून सुरू करू? मी उत्साहात फ्रँक हर्बर्टच्या ड्यून कादंबरीचं पुस्तक ठेवलं हातावर, म्हटलं 1965चं आहे पण अजून तोड नाही. तीन महिन्यांनी परत आलं, पान 38 ला बसचं तिकीट अडकवलेलं. "मागे शब्दार्थ बघत बघत कोण वाचणार?" तुम्ही कुणाला काय दिलंत, लिहा.

*

बाबांना. रिटायर्ड इतिहासाचे मास्तर, "ते उडत्या तबकड्यांचं नको मला" हे ठरलेलं. पुस्तक दिलंच नाही, नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'ची नुसती झेरॉक्स दिली. ट्रकची धडक बसून प्रोफेसर अशा जगात पोचतात जिथे 1761ला मराठे जिंकलेत, कारण विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून गेली. झालं, जेवताना सुरू, मग इंग्रज कुठवर आले असते, अब्दालीनंतर दिल्लीत कोण, आईची आमटी गार. आठवड्याने स्वतःच विचारलं या माणसाचं अजून काय आहे, तेव्हा यक्षांची देणगी हे कथांचं पुस्तक दिलं. त्यावर मात्र "बरंय" एवढंच.

*

आमच्याकडे बटाटा हेच पीक. नवरा पुस्तक हातात धरत नाही, म्हणून द मार्शन मीच रात्री मराठीत सांगायचे. मंगळावर अडकलेला माणूस बटाटे लावतो म्हटल्यावर उठून बसला. बेणं कुठलं? डोळे ठेवून फोडी केल्या का? केल्या म्हटलं. खत? तेही सांगितलं 😄 "बरोबर करतोय." मग लेक मध्ये पडली, म्हणे मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचं क्षार असतं, 2008 ला नासाच्या फिनिक्स यानाला सापडलं, बटाटे खाल्ले तर थायरॉइडची वाट. हा शांतपणे म्हणतो, पाण्यात विरघळतं का? मग आधी माती धुऊन घ्यायची, त्यात काय. रोज दहा-बारा पानं असं करत महिनाभर चाललं.

*

मी सुचवणं बंद केलंय. लक्ष्मण लोंढ्यांचं दुसरा आइन्स्टाइन एका मित्राला दिलं, 9 वर्षं झाली. भेटला की म्हणतो वाचतोय.

*

नव्या माणसाला कादंबरी देऊच नये असं माझं मत, कथा द्या. टेड चियांगची स्टोरी ऑफ युवर लाइफ ऑफिसातल्या ज्युनियरला दिली, डोंबिवली-दादर जाता-येता दोन दिवसांत संपवली पोरीने, आणि तिसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला विचारते, पुढचं सगळं आधीच माहीत असताना मूल होऊ द्यायचं हे तुम्ही केलं असतं का? माझ्या तोंडात घास. उत्तर अजून दिलेलं नाही.

*

धागाकर्ता परत. झेरॉक्सची आयडिया ढापली, भाचीला नारळीकरांचीच 'उजव्या सोंडेचा गणपती' पाठवली, आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं होतं ती कथा. काल ताईचा फोन, काय दिलंयस वाचायला, देव्हाऱ्यातला गणपती आरशासमोर घेऊन बसलीये, सासूबाई चिडल्यात.