मदत हवी आहे: गाडी एक, वजनं तीन. मागचे शॉकअप कितव्या पायरीवर ठेवायचे? (सातारा)

ऊसपट्टा
साडेतीनशे सीसीची गाडी आहे, मागे दोन शॉकअप, स्प्रिंग कमी-जास्त दाबून ठेवायच्या सहा पायऱ्या. अडतीस हजार किलोमीटर झालेत. शॉकअप मूळचेच, तेल कुठे दिसत नाही. मी ९४ किलो, मुलगा ५८, सौ. ६२. मुलगा गावातल्या गावात आणि यवतेश्वर घाटात चालवतो, मी कोरेगाव रस्त्याला. सुट्टीला मी आणि सौ. डबलसीट सज्जनगड किंवा कास.

डबलसीट असताना खड्ड्यात मागून ठक्क आवाज यायचा, म्हणून गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप शेवटच्या, म्हणजे सहाव्या पायरीवर नेले. आवाज कमी झाला. पण आता मुलगा म्हणतो, गतिरोधकावर गाडी मागून उडवते आणि घाट उतरताना ब्रेक लावला की मागचं चाक टपटपतं. मधली कुठली तरी पायरी ठरवून विसरून जायचं, का प्रत्येकाने आपापली लावायची? का नवे शॉकअपच टाकू?

घाटवेडा
आधी टायरमधली हवा बघा राव. डबलसीटला मागची हवा वाढवायची असते. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बहुतेक गाड्यांवर स्टिकरही असतो. थंड टायरला मोजा. निम्म्या लोकांचा सस्पेन्शनचा त्रास तिथेच मिटतो.

दुसरं, शॉकअप जिवंत आहे का? डबल स्टँडवरून गाडी उतरवा, सीटच्या मागच्या टोकाला जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा झुलली तर आतलं डॅम्पिंग (झुलणं थांबवणारा तेलाचा अडथळा) संपलंय, मग पायऱ्या फिरवून काही होत नाही.

चिमटा_बुश
पायरी नंतर. आधी सॅग मोजा, म्हणजे गाडी वजनाने किती बसते ते. मोजपट्टी, काळी टेप आणि मदतीला दोन माणसं पुरतात.

डबल स्टँडवर लावून मागचं चाक अधांतरी करा. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या ब्रॅकेटवर टेपचा तुकडा चिकटवून रेघ मारा. एक्सल ते रेघ हे अंतर म्हणजे पहिला आकडा. मग गाडी जमिनीवर, कोणी न बसता, सरळ धरून दुसरा आकडा. मग चालवणारा हेल्मेट-जॅकेटसकट, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून हँडल धरायचं, तिसऱ्याने मोजायचं. हा तिसरा. डबलसीटचा चौथा.

शॉकअपला आणि चिमट्याच्या (मागचं चाक धरणारा दुशाखी हात) बुशला घर्षण असतं, त्यामुळे एकदा मोजून भागत नाही. एकदा गाडी दाबून हळू वर येऊ द्या आणि मोजा. एकदा थोडी उचलून हळू बसू द्या आणि मोजा. दोन्हींची सरासरी धरा. दोन आकड्यांत सहा-सात मिमीपेक्षा जास्त फरक आला तर बुश कोरडे पडलेत, आधी ते उघडून ग्रीस करा.

हे सगळं सहाव्या पायरीवर एकदा आणि तिसऱ्यावर एकदा करा, मग आकडे इथे टाका.

ऊसपट्टा
मोजलं. अधांतरी ३७२ मिमी.

पायरी ६: रिकामी गाडी ३७२, मुलगा ३५७, मी ३४६, आम्ही दोघं ३१९.
पायरी ३: रिकामी ३६३, मुलगा ३४५, मी ३३४, दोघं ३०७.

चिमटा_बुश
छान मोजलंय. मुलाचं म्हणणं खरं आहे, आणि ते आकड्यातच दिसतं.

सहाव्या पायरीवर रिकामी गाडी शून्य मिमी बसते. म्हणजे स्प्रिंग इतकी आधीच दाबलेली आहे की गाडीचं वजन तिला हलवतच नाही. त्यावर ५८ किलोचा माणूस बसला की जेमतेम १५ मिमी. चाकाला वर जायला जागा भरपूर आहे, पण खड्ड्यात खाली उतरायला फक्त १५ मिमी. गतिरोधक ओलांडून मागचं चाक खाली आलं की शॉकअप पूर्ण उघडून आतल्या आत आदळतो, तोच झटका सीटला लागतो. घाट उतरताना ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागचं टोक हलकं होऊन वर येतं, ते १५ मिमी तिथेच संपतात आणि टायर रस्ता सोडतो. टपटप म्हणतो तो तेच.

आता दुसरी गोष्ट बघा. तिसऱ्या पायरीवर तुमच्यात आणि मुलात ११ मिमीचा फरक. सहाव्या पायरीवरही ११च. पायरी चढवल्याने स्प्रिंग कडक झाली असती तर हा फरक कमी झाला असता. झालेला नाही, कारण प्रीलोड, म्हणजे पायरीने स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं, स्प्रिंगची ताकद बदलत नाही. गाडी किती उंचीवर उभी राहणार एवढंच तो ठरवतो. गॅरेजमध्ये 'शॉकअप टाइट केला' म्हणतात त्याने निम्मा गोंधळ होतो.

तीन पायऱ्यांत १२ मिमी, म्हणजे पायरीला ४ मिमी. बाकीचे आकडे मोजायची गरज नाही, काढता येतात. रस्त्यावरच्या गाडीला माणसासकट सॅग चाकाच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवा. अशा जोडशॉकअपला हालचाल ९०-१०० मिमी धरली तर साधारण ३० मिमी. आणि रिकाम्या गाडीचा सॅग ५ ते १५.

मुलगा: पायरी २ वर ३१, रिकामी १३. उत्तम. तीनवर २७, तेही चालेल.
तुम्ही: पायरी ५ वर ३०, पण रिकामी फक्त १. पायरी ४ वर ३४ आणि रिकामी ५. मी ४ घेईन. माणसासकट सॅग बरोबर आणायला गेलं की रिकाम्या गाडीचा सॅग संपतो, याचा अर्थ तुमच्या वजनाला स्प्रिंग जरा मऊ आहे. रोजच्याला अडणार नाही.
दोघं: पायरी ६ वरही ५३. निम्म्याहून जास्त हालचाल बसल्या बसल्याच गेली. इथे पायरी हतबल आहे. गळिताच्या दिवसांत ट्रॉल्यांनी रस्ता उखडला की ठक्क येणारच. सहावी पायरी, हवा पुस्तकाप्रमाणे, आणि खराब पट्ट्यात वेग कमी.

मधली पायरी ठरवून विसरायची असेल तर ३. पण दोन मिनिटांचं काम आहे, विसरू नका.

सी_स्पॅनर
त्या दोन मिनिटांबद्दल. गाडी डबल स्टँडवरच घ्या, भार कमी असतो. कॉलरच्या (पायरी बदलायला फिरवायची स्प्रिंगची कडी) खाचेत चिखल असतो, जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने काढा. खडे अडकलेले असताना फिरवलं तर कॅम खरवडतो. कोरडं झाल्यावर तेलाचा एखादा थेंब. कॉलर फिरवायचा आकड्यासारखा सी पाना टूलकिटमध्ये असतो. नसेल तर घ्या, पण छिन्नी-हातोड्याने खाच मारू नका. एकदा खाच गोल झाली की पाना कायमचा घसरतो. गाडी चालवून लगेच करणार असाल तर सायलेन्सरच्या बाजूला मनगट सांभाळा.

एकेक पायरीच चढा-उतरा. शेवटच्या पायरीवरून आणखी फिरवून सरळ पहिलीवर उडी मारू नका, मध्ये भिंत असते, ती तुटते. स्प्लेंडरच्या पाच पायऱ्या असोत नाहीतर क्लासिक ३५०च्या सहा, नियम हाच. दोन्ही बाजू एकाच पायरीवर. डावी चारवर आणि उजवी पाचवर राहिली तर चिमटा पिळला जातो आणि बुश एका अंगाने खातो. झाल्यावर वाकून दोन्ही बाजू डोळ्यांनी बघायच्या, बोटाच्या अंदाजावर नको.

आणखी तीन गोष्टी पायरीबरोबर बदलतात. हेडलाइट: डबलसीटला मागून बसली की झोत समोरच्याच्या डोळ्यात. साइड स्टँड: पायरी उतरवली की गाडी जास्त सरळ उभी राहते, उताराला लावली की पलीकडे पडू शकते. आणि चेन. चेनचा सैलपणा पुस्तकाप्रमाणे ठेवा, मग सगळ्यात जास्त वजन बसवून पुन्हा बोटाने बघा. तेव्हा ती ताठ लागली तर शॉकअप पूर्ण बसायच्या आधी चेनच ताणली जाते, आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतं.

कासची_वाट
धागा पळवत नाही, पण लागूनच आहे. माझ्या गाडीला मागे प्रीलोड आणि रिबाउंडचा (दाबलेला शॉकअप किती वेगाने उघडतो त्याचा) क्लिकर आहे. वजनदार मित्राला द्यायची तर फक्त प्रीलोड वाढवून चालेल?

सी_स्पॅनर
नाही. स्प्रिंग जास्त दाबली गेली की ती परत फेकतेही जास्त जोरात. प्रीलोड वाढवला की रिबाउंडही थोडा घट्ट करायचा. क्लिकर घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, किती क्लिक झाले ते लिहून ठेवा, तीच आताची सेटिंग. आत सुईसारखा झडप-स्क्रू असतो, जोर लावून बंद केला तर त्याची बैठक खराब होते. परत आधीच्या आकड्यावर आणा आणि तिथून दोन क्लिक घट्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने बघा.

रिबाउंड कमी पडला तर गतिरोधकानंतर गाडी डोलत राहते. जास्त झाला तर गतिरोधकाच्या लागोपाठ पट्ट्यांवर शॉकअपला उघडायला वेळच मिळत नाही, प्रत्येक पट्टीला तो आणखी खाली बसत जातो आणि शेवटी दगडासारखा कडक लागतो. लोक याला प्रीलोड जास्त झालाय समजून कमी करतात आणि आणखी बिघडवतात.

ऊसपट्टा
मुलगा २ वर, मी ४ वर लावून बघितलं. मुलाची तक्रार बंद. रविवारसाठी ६. आता शेवटचं: मी एकटा असताना पुढचा ब्रेक लावला की फोर्क (पुढचे शॉकअप) फार डुबतो. पुढे काही पायरी नाही. जाड ऑइल घालू?

चिमटा_बुश
जाड ऑइलने डुबण्याचा वेग कमी होतो, किती डुबणार ते फारसं बदलत नाही. आणि मुलाला बारीक खड्डे हाताला लागायला लागतील. अडतीस हजारात फोर्क ऑइल बदललंच नसेल तर आधी पुस्तकातल्याच ग्रेडचं नवं घाला. जुनं ऑइल काळं, पातळ आणि पाणी शिरलेलं निघतं. दोन्ही पायांत नुसतं मापाने ओतू नका. स्प्रिंग बाहेर काढून, पाईप पूर्ण खाली बसवून, वरच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं करा. आधी पाईप हळूहळू वर-खाली करून बुडबुडे काढायचे, नाहीतर मोजलेली पातळी नंतर उतरते.

तरी डुबत असेल तर पुढे-मागे दोन्हीकडे तुमच्या वजनाच्या स्प्रिंग बघा, पण मग मुलाला गाडी कडक होणार. मागची नवी जोडी घेतलीत तर डोळा ते डोळा लांबी (वरच्या बोल्टच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत) मूळ शॉकअपइतकीच हवी. दहा-पंधरा मिमी लांब बसवली की मागचं टोक उचलतं, हँडल उतावीळ होतं आणि डबल स्टँडवर मागचं चाक टेकलेलंच राहतं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबर अडकवून देणारे भेटतील, ते नको. तेवढी वेटोळी हलत नाहीत आणि सगळा ताण शेजारच्या वेटोळ्यावर येतो.

ऊसपट्टा
ऑइल बदलूनच बघतो आधी. पायऱ्यांचा कागद सीटखाली टूलकिटमध्ये ठेवलाय.

घाटवेडा
कागद भिजेल. साइड कव्हरच्या आतून मार्करने लिहा, हवेच्या आकड्यासकट.